अंगठा म्हणजे घर

साळवेबाईंना रांग आवडायची. हे मी थट्टेने लिहीत नाही. रॉकेलची असो, वीजबिलाची असो की सरकारी दवाखान्यातली, रांगेत उभ्या राहिल्या की त्यांच्या चेहऱ्यावर घरी पोचल्यासारखं समाधान यायचं. कुणी मध्ये घुसला तर त्या भांडत नसत. मागच्या माणसाकडे वळून शांतपणे विचारायच्या, "भाईसाहब, आप इनके आगे थी या पीछे?" त्यांच्या हिंदीत पुल्लिंग-स्त्रीलिंगाची कायम अदलाबदल व्हायची, पण आवाजात असं काही होतं की घुसलेला माणूस गुपचूप मागे जायचा. दिल्लीत हे घडताना मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत पाहिलेलं नाही.

लक्ष्मीबाई नगरात त्यांचं सरकारी क्वार्टर आमच्या समोरच होतं. मूळच्या अहमदनगरच्या, मराठी ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. एका मंत्रालयात कारकून म्हणून लागल्या आणि कुणाच्या ओळखीशिवाय, एक एक पायरी चढत सेक्शन ऑफिसर झाल्या. लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "अर्ज आले होते, पण त्रुटी होत्या." कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पायात बाराही महिने सॅंडल आणि मोजे. ऑफिसच्या फोनवरून त्यांनी घरचा फोन कधी केला नाही आणि ऑफिसची पेन्सिल कधी घरी आणली नाही. माझा नवरा त्यांना गमतीने 'भारत सरकार' म्हणायचा. त्यांना ते कळलं होतं आणि बहुधा आवडलंही होतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "नियमात बसवून घेऊ." कॉलनीतल्या कुणाच्या मुलाचा प्रवेश अडला, कुणाच्या सासूची पेन्शन अडकली की लोक त्यांच्याकडे जायचे. त्या सगळं ऐकून घेत, चष्मा पुसत, आणि हे वाक्य म्हणत. आणि खरोखरच बसवून देत. त्यांची अशी पक्की समजूत होती की नियम करणारी माणसं मुळात भली असतात. फक्त घाईत असतात, म्हणून कुठे कुठे फट राहते, आणि ती फट आपण मन लावून शोधायची असते. मला त्यांच्या या समजुतीचं तेव्हा कौतुक वाटायचं. आता वाटत नाही.

दर नाताळला चर्चच्या बायका एका बालगृहात फराळ घेऊन जात. तिथे त्यांना पूनम भेटली. सहा-सात वर्षांची असेल. रेल्वे स्टेशनवर सापडलेली, बोलत नाही, कुणाकडे बघत नाही, हात लावला की किंचाळते. तिथल्या आयांनी तिला एका खिडकीपाशी बसवून ठेवलं होतं, कारण तिथे ती गप्प राहायची. बायका करंज्या वाटत पुढे गेल्या. साळवेबाई तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसल्या आणि बसूनच राहिल्या. निघायच्या वेळी पूनमने त्यांच्या मोज्याची किनार दोन बोटांनी चाचपून पाहिली. एवढंच झालं. पण साळवेबाईंच्या दृष्टीने तो अर्ज होता, आणि त्यात त्यांना एकही त्रुटी सापडली नाही.

त्या काळी ख्रिस्ती माणसाला दत्तक घेण्याचा कायदा नव्हता. पालक होता यायचं, आई होता यायचं नाही. मग त्यांनी फट शोधली: फॉस्टर केअर. म्हणजे मूल घरी सांभाळायला द्यायचं, पण ते सरकारचंच राहायचं. मुलांच्या कल्याणासाठी नेमलेली समिती वर्षावर्षाने मुदत वाढवणार, अधिकारी घरी येऊन पाहणी करणार. असं काही असतं हे समितीतल्या निम्म्या लोकांनाही धड माहीत नव्हतं. साळवेबाईंनी त्यांना ते त्यांच्याच नियमांत काढून दाखवलं. बरेच हेलपाटे झाले, आणि एका सकाळी पूनम आमच्या समोरच्या घरात आली. चर्चमधल्या कुणीतरी तिचं नाव बदलून रूथ ठेवायला सुचवलं. साळवेबाई म्हणाल्या, "तिच्याजवळ स्वतःचं म्हणून एवढंच आहे, ते कशाला काढून घ्यायचं?"

पहिले काही महिने भयंकर होते. दार वाजलं की पूनम भिंतीवर डोकं आपटायची. आंघोळीला नेलं की अख्ख्या ब्लॉकला कळायचं. कॉलनीत कुजबुज झाली की म्हातारी पोरीला मारते. मग साळवेबाईंच्या ध्यानात आलं की पोरीला घटनांचं भय नाही. पुढे काय होणार ते माहीत नसण्याचं आहे. त्यांनी यावर जो उपाय काढला तो फक्त एखाद्या सेक्शन ऑफिसरलाच सुचला असता. त्यांनी दिवसाची विषयपत्रिका केली, आणि ती आपल्या डाव्या हाताच्या बोटांवर मांडली. करंगळी दूध. तिच्या शेजारचं बोट शाळा. मधलं बोट बस. अंगठ्याजवळचं पहिलं बोट भाजी. आणि अंगठा घर. बाकीच्या बोटांवरची कामं रोज बदलत. अंगठा कधी बदलायचा नाही. बाहेर पडण्याआधी त्या पूनमसमोर उकिडव्या बसून एकेक बोट धरून सांगत, आणि एकेक काम झालं की ते बोट मिटत. शेवटी अंगठा उरायचा. पूनम तो आपल्या मुठीत पकडायची आणि क्वार्टरचा दरवाजा उघडेपर्यंत सोडायची नाही. वर्षभराने ती पहिला शब्द बोलली. अंगठा धरून म्हणाली, "घर." त्या दिवशी साळवेबाईंनी आमच्याकडे शिरा पाठवला, आणि का ते सांगितलं नाही.

एका सरकारी इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी निदान केलं, ऑटिझम. मराठीत अशा मुलांना स्वमग्न म्हणतात असं मी कुठेतरी वाचलेलं साळवेबाईंना सांगितलं, तर त्या माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या, "मग्न कसली, वहिनी? ती आपल्याहून जास्त बघते. आपल्याला न बघता बघते, एवढंच." निदान झालं, पण सरकारी शाळेतल्या विशेष वर्गासाठी आणि बसच्या पाससाठी अपंगत्वाचा दाखला हवा होता. दाखला देणारे डॉक्टर वेगळे. त्यांनी वर न बघता सांगितलं, "मैडम, ऑटिज़्म लिस्ट में नहीं है. मंदबुद्धि लिख देता हूँ, काम हो जाएगा." खरोखरच यादीत ते नव्हतं. साळवेबाईंनी दाखला घेतला. घरी आल्या, पूनमला जेवू घातलं आणि स्वतः जेवल्या नाहीत.

संध्याकाळी मला म्हणाल्या, "आज मी सही-शिक्क्याचा खोटा कागद घरात आणला. जे यादीत नाही ते सरकारच्या लेखी नाहीच, हे मी जन्मभर लोकांना सांगत आले. माझं मूल समोर उभं होतं, आणि ते यादीत नव्हतं." मी म्हटलं, काम तर झालं. त्या म्हणाल्या, "हो. पण पुन्हा नाही. पूनमच्या नावावर पुन्हा खोटं नाही." हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. पुढे ते किती महागात पडणार आहे हे कुणाला ठाऊक होतं.

देशात तेव्हा सगळं मोकळं होत होतं. कॉलनीत स्कूटरच्या जागी मारुती उभ्या राहायला लागल्या, गच्चीवर केबलच्या तारा आल्या, रस्त्यावर खाजगी बसगाड्यांचा सुळसुळाट झाला. देशाने खाजगीकरण स्वीकारलं, पूनमने नाही. ती फक्त सरकारी बसमध्ये चढायची. खाजगी बसचे कंडक्टर दाराला लोंबकळून पत्रा बडवत ओरडायचे, आणि ती दोन्ही कानांवर हात दाबून फुटपाथवर बसकण मारायची. लोकांच्या पाच-सहा बसगाड्या भरून निघून जात, तोवर या दोघी उभ्या. मी एकदा रिक्षा करा म्हटलं. साळवेबाई म्हणाल्या, "मधलं बोट बस आहे, वहिनी. रिक्षा नाही." शाळेत जायला उशीर व्हायचा, बाईंची रजा कापली जायची, पण विषयपत्रिकेत ऐन वेळी फेरफार नाही. त्या मुलीशी त्या एकही गोष्ट खोटी बोलल्या नाहीत. आपण सगळे मुलांशी दिवसातून कितीदा खोटं बोलतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

समितीतर्फे घर पाहायला जे अधिकारी येत त्यांचं नाव माथुर. माणूस वाईट नव्हता. चहा घ्यायचा, पूनमने खिडकीत ओळीने मांडलेल्या रिकाम्या बाटल्यांच्या रांगेला धक्का लागू द्यायचा नाही, आणि प्रगती उत्तम म्हणून शेरा लिहायचा. साळवेबाई त्याच्यासाठी नाताळच्या करंज्या वेगळ्या काढून ठेवायच्या. तो पूनमला 'बिटिया' म्हणायचा. हे सगळं मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं ते कुणा दुष्ट माणसाने केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

साळवेबाई निवृत्त व्हायची वेळ आली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं. लोक आजारपणाची कारणं देऊन मुदत वाढवून घेतात, कुणी वशिला लावतात. बाईंना हे विचारण्याचीही कुणाची छाती नव्हती. त्यांनी फार आधी सरकारी नोकरांच्या एका हाउसिंग सोसायटीत यमुनेपलीकडे फ्लॅट घेतला होता. तेव्हा तिथे उसाची शेतं आणि बिल्डरांच्या पाट्या याखेरीज काही नव्हतं. पाटीवर लिहिलेलं असायचं की इथून दिल्ली दहा मिनिटांवर. जाहिरातीत ती दिल्ली होती, बसच्या पाटीवर दिल्ली होती, दूधवाला दिल्लीतून यायचा. फक्त कायद्याने ते उत्तर प्रदेश होतं.

त्यांना खरी काळजी होती पूनमची. अंगठा म्हणजे घर, आणि आता घरच बदलणार. यासाठी त्यांनी अनेक महिने जी मेहनत केली ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. दर रविवारी तिला नव्या फ्लॅटवर नेत. आधी तिची उशी नेऊन ठेवली. मग ताटली. मग खिडकीतल्या बाटल्या, एकेका रविवारी एकेक. लक्ष्मीबाई नगरची खिडकी रिकामी होत गेली आणि तिकडची भरत गेली. पूनम गोंधळली, चावली, बाईंच्या मनगटावर दातांचे वण उठले. पण एका रविवारी तिकडच्या दारात उभी राहून तिने अंगठा धरला आणि म्हणाली, "घर." साळवेबाई माझ्याकडे येऊन खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बसलं हो नियमात." त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

नव्या घराची प्रार्थना ठेवली. पाद्रीबाबा येणार, घराला आशीर्वाद देणार, मग जेवण. आता आपल्या माणसांची रीत अशी की कार्य असलं म्हणजे ज्याचे म्हणून उपकार झाले त्याला स्वतः जाऊन, अगत्याने बोलवायचं. पोस्टाने पत्रिका धाडणं म्हणजे अपमान. बाई पिशवीत पत्रिका घालून इस्पितळात गेल्या, शाळेत गेल्या, आणि समितीच्या ऑफिसातही जाऊन प्रत्येक टेबलावर जातीने निमंत्रण देऊन आल्या. माझ्या नवऱ्याने त्यांना अडवायचा प्रयत्न केला होता. म्हणाला, बाई, ऑफिसवाल्यांना कशाला, राहू द्या ना. त्या चकित झाल्या. "ज्यांनी आपल्या घरी मूल दिलं, त्यांना घर दाखवायला नको?"

माथुर आला. बायकोला घेऊन आला. त्याच्यासाठी बाईंनी पुरणपोळी केली होती, वर तुपाची धार. तो मनापासून जेवला. बाल्कनीत उभा राहून वाऱ्याची तारीफ केली. मी शेजारीच ताटं उचलत होते. त्याने खाली रस्त्याकडे पाहिलं आणि सहज म्हणाला, "अच्छा, ये तो यू.पी. हो गया ना मैडम?" बाई अभिमानाने म्हणाल्या, "हाँ जी, पर बॉर्डर तो पास ही है." माथुरने रुमालाने हात पुसले. पानाचा विडा घेतला आणि गेला.

काही दिवसांनी आदेश आला. मूल दिल्लीच्या समितीचं. दिल्लीबाहेर त्याला ठेवता येत नाही. पलीकडच्या जिल्ह्याच्या समितीकडे प्रकरण वर्ग होईपर्यंत मुलीला बालगृहात परत द्यावं. पलीकडच्या जिल्ह्यात तशी समिती अजून नेमलेलीच नव्हती. साळवेबाई माथुरकडे गेल्या, मी सोबत होते. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मैडम, मेरे हाथ में कुछ नहीं है. आपने बुलाया न होता तो मुझे पता भी न चलता. अब आँख से देख लिया, तो लिखना पड़ा." बाईंनी मान हलवली. मला वाटतं, त्यांच्या जागी तो असता आणि त्याच्या जागी त्या असत्या, तर त्यांनीही लिहिलं असतं. त्या खुर्चीत बसून त्यांना हेच दिसत असावं.

एक फट अजून होती, आणि ती मी दाखवली. आमचं क्वार्टर आहे, मागची खोली रिकामी आहे. पत्ता आमचा द्या, कागदोपत्री तुम्ही आमच्याकडे भाड्याने राहता. पाहणीच्या दिवशी दोघी येऊन बसा. दिल्लीतले निम्मे लोक असेच राहतात. माझा नवरा तयार होता; माथुरसुद्धा, मला खात्री आहे, डोळे झाकायला आनंदाने तयार झाला असता. साळवेबाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही, वहिनी. खोटा पत्ता नाही. पूनमच्या नावावर पुन्हा खोटं नाही. आपण समिती नेमून घेऊ. नियमात बसवून घेऊ."

मी तेव्हा त्यांना फार बोलले. तुमचं सोवळं तुम्हाला पोरीपेक्षा मोठं आहे, इथपर्यंत बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मला अजून त्यांचा राग येतो. ज्यांनी आदेश काढला त्यांचाही येतो, पण त्यांच्याकडून माझी काही अपेक्षाच नव्हती. साळवेबाईंकडून होती. एवढ्या हुशार बाईला एवढं कळू नये की आपण ज्याला घर समजून जन्मभर रांगेत उभ्या राहिलो, तिथे आतमध्ये कुणी नव्हतं.

पोचवायच्या दिवशी मी बरोबर गेले. ऑफिसातली एक बाई आली होती. तिने चांगल्या मनाने सुचवलं, "बोल दीजिए घूमने जा रहे हैं." साळवेबाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही. पूनमसमोर उकिडव्या बसल्या. करंगळी बस. शेजारचं बोट मोठी बस. मधलं बोट केळं. पहिलं बोट बालगृह. आणि थांबल्या. अंगठा त्यांनी तळव्यात दुमडून मूठ मिटली. पूनम वाट बघत उभी राहिली. मग तिने ती मूठ दोन्ही हातांनी धरली आणि अंगठा बाहेर काढायला लागली. पूर्ण वाटभर ती ते करत होती. ओरडली नाही, चावली नाही. एखाद्या डबीचं झाकण निघत नसावं तशी, बोटं घालून, नखं घालून, शांतपणे खटपट करत राहिली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि मूठ आवळून बसल्या होत्या. उतरल्या तेव्हा मुठीवर रक्त आलं होतं.

पलीकडच्या जिल्ह्यात समिती नेमली जायला खूप काळ गेला. नेमली गेल्यावर बाईंनी अर्ज केला. सगळं नियमात बसत होतं, फक्त आता बाईंचं वय बसत नव्हतं. तोवर पूनमलाही दिल्लीच्या अगदी दुसऱ्या टोकाला, मोठ्या मुलींच्या बालगृहात हलवलं होतं. तिथे विशेष वर्ग नव्हता. दाखल्यावर मंदबुद्धी लिहिलेलं, मग वर्ग कशाला, असं तिथल्या बाईंचं म्हणणं. साळवेबाई दर रविवारी जायच्या. यमुनेपलीकडून शहराच्या त्या टोकाला, सरकारी बसने.

एका रविवारी मीही गेले. भेटीच्या खोलीत पूनमला आणून बसवलं. उवा झाल्या म्हणून केस बारीक कापलेले, अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी फ्रॉक. ती वाढली होती. आमच्याकडे बघितलं नाही. केळं दिलं ते तिने बाजूला ठेवलं. बाईंनी डावा हात तिच्यापुढे धरला, पाचही बोटं उघडून. मला वाटलं, आता ही पोर अंगठा धरणार आणि आपल्याला ते बघवणार नाही.

पूनमने करंगळी मिटली. मग तिच्या शेजारचं, मग मधलं, मग पहिलं. अंगठा उरला. त्याच्याकडे तिने थोडा वेळ पाहिलं. मग आपल्या बोटाने तो हलकेच तळव्यात दुमडला, वर इतर बोटं नीट बसवली, आणि तो मिटलेला हात बाईंच्या मांडीवर परत ठेवून दिला. मग केळं सोलायला घेतलं.

आम्ही बसस्टॉपवर आलो. खाजगी बसगाड्या पत्रा बडवत येत होत्या, भरून जात होत्या. बाई सरकारी बसची वाट बघत रांगेत उभ्या होत्या, डाव्या हाताची मूठ तशीच मिटलेली. बस दिसल्यावर म्हणाल्या, "शिकली हो ती." मग पुढचा माणूस चढेपर्यंत थांबल्या, आणि आपला नंबर आल्यावर चढल्या.